मोकळ्या दिवसांचा हिशोब

महिन्यातले पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस डोके दुखते, त्यांतल्या किमान आठ दिवशी दुखण्याला मायग्रेनची म्हणजे अर्धशिशीची लक्षणे असतात, आणि हे तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चाललेले असते. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणात जुनाट मायग्रेनची व्याख्या अशी आहे. ठणका किती तीव्र आहे किंवा दुखणे किती वर्षांचे आहे, यावर ‘जुनाट’ हा शिक्का बसत नाही. तो बसतो महिन्यातल्या दिवसांवर. या व्याख्येतून एक साधी गोष्ट निघते, पण रुग्ण, डॉक्टर आणि मालक या तिघांच्याही नजरेतून ती सुटते. जो आजार दिवसांनी ठरतो, त्याच्या उपचारांचे यशही दिवसांनीच मोजले पाहिजे. गोळी घेतल्यावर तासाभरात डोके उतरले, हे त्या दिवसापुरते यश. तीन महिन्यांपूर्वी महिन्यात दहा दिवस मोकळे जात होते आणि आता अठरा जातात, हे उपचारांचे यश. या दोन मापांची गल्लत झाली की पहिले यश रोज पदरात पडत राहते आणि दुसरे हळूहळू हातचे जाते. देहूरोडपासून चाकणपर्यंतच्या कामगार वस्तीत ही गल्लत होण्याजोगी परिस्थिती पुरेपूर आहे, आणि ती टाळायला लागणारी साधनेही बहुतेक तिथेच, परवडणाऱ्या दरात, हाताशी आहेत.

देहूरोड हे लष्कराच्या डेपोंभोवती आणि छावणीभोवती वाढलेले गाव. आयुध निर्माणी, छावणी मंडळाची हद्द, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि पुणे-लोणावळा लोकलचे स्थानक यांच्या आधाराने इथे वस्ती झाली, आणि पुढे पिंपरी, भोसरी, तळेगाव, चाकण या औद्योगिक पट्ट्यात कामाला जाणाऱ्यांनी आसपासच्या विकासनगर, किवळे, मामुर्डी भागात घरे केली. या पट्ट्याचे घड्याळ पाळीवर चालते. आठवड्याने किंवा पंधरवड्याने पाळी बदलते, तशी झोपेची, जेवणाची आणि चहाची वेळ बदलते. मायग्रेनकडे झुकलेल्या मेंदूला असे बदल मानवत नाहीत. अपुरी झोप, जास्त झोप, चुकलेले जेवण ही झटक्याची जगभर आढळणारी निमित्ते आहेत. असे रुग्ण किती असतील, याचा अंदाज शेजारच्या राज्यातून बांधता येतो. कर्नाटकात २,३२९ प्रौढांच्या घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्के निघाले, आणि महिन्याला पंधरा किंवा अधिक दिवस डोकेदुखी असणारे ३ टक्के. या ३ टक्क्यांतले सगळेच जुनाट मायग्रेनचे नसतात. जगभरच्या पाहण्यांत निखळ जुनाट मायग्रेनचे प्रमाण एक ते दोन टक्क्यांच्या घरात येते. म्हणजे हजार माणसे कामाला असलेल्या कारखान्यात असे दहा-वीस जण धरायला हरकत नाही. घरात राबणाऱ्या बायकांचा हिशोब यात नाही, आणि मायग्रेन पुरुषांपेक्षा बायकांत दोन ते तीन पट आढळतो. २०१९ च्या जागतिक आजारभार अभ्यासात तरुण स्त्रियांच्या अकार्यक्षमतेचे पहिल्या क्रमांकाचे कारण मायग्रेन हेच होते.

एवढी माणसे असूनही हा आजार दवाखान्यात त्याच्या नावाने क्वचितच येतो. मळमळ होते, उलटी झाल्यावर बरे वाटते, म्हणून ते ‘पित्ताचे डोके’ ठरते आणि आम्लपित्ताच्या गोळ्या सुरू होतात. कपाळ आणि गाल जड होतात म्हणून कुणी त्याला सायनस म्हणतो, डोळ्यामागे दुखते म्हणून कुणी चष्म्याचा नंबर तपासून घेतो. हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत जुनाट मायग्रेनच्या १,२५४ रुग्णांपैकी ४१ टक्के डॉक्टरकडे गेले होते. गेलेल्यांपैकी एक चतुर्थांश जणांनाच नेमके निदान मिळाले. आणि निदान मिळालेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना झटक्यावरचे आणि प्रतिबंधाचे असे दोन्ही उपचार मिळाले. तिन्ही पायऱ्या चढून गेलेले शेवटी ४.५ टक्के उरले. विमा आणि विशेषज्ञ यांची रेलचेल असलेल्या देशातला हा आकडा आहे. उपचारांच्या परिणामांबद्दल बोलताना आपण औषध चांगले की वाईट यावर वाद घालतो. पण शंभरातल्या पंच्याण्णवांपर्यंत योग्य उपचार पोहोचलेलेच नसतील, तर त्यांच्या बाबतीत औषधाची परीक्षा झालेलीच नसते. अर्थात प्रत्येक डोकेदुखी मायग्रेन नसते. काही क्षणांत कळसाला जाणारी अचानक वेदना, तापासोबत ताठरलेली मान, हातापायातली कमजोरी किंवा अडखळती वाचा, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, ही मोजदाद करत बसण्याची नव्हे, तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

निदान झाले की पहिला प्रश्न येतो: हे कायमचे बरे होईल का? या प्रश्नामागे संसर्गाच्या आजारांनी घडवलेली अपेक्षा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशी पेनिसिलिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. औषध घ्यायचे, जंतू मरतो, आजार संपतो, हे यशाचे गणित त्या काळाने आपल्या मनात पक्के केले. मायग्रेनला ते लागू पडत नाही, कारण इथे मारायला जंतू नाही. मेंदूची जात्याच संवेदनशील असलेली घडण आहे, आणि ती बऱ्याचदा आनुवंशिक असते. पण ‘कायमचे बरे होत नाही’ याचा अर्थ ‘बदलत नाही’ असा नव्हे. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत जुनाट मायग्रेनच्या ३८३ जणांचा दोन वर्षे पाठपुरावा झाला. ३४ टक्के लोक सतत जुनाट अवस्थेत राहिले, २६ टक्के महिन्याला दहा दिवसांच्या खाली उतरले, बाकीचे अधेमधे राहिले. दुसऱ्या पाहणीत वर्षभर दर तीन महिन्यांनी विचारणा झाली, तेव्हा सुरुवातीला जुनाट ठरलेल्यांपैकी ७३ टक्के लोक वर्षात केव्हा ना केव्हा पंधरा दिवसांच्या रेषेखाली गेलेले दिसले. उलट दिशेनेही वाहतूक चालूच असते: कधीमधी होणारा मायग्रेन दरवर्षी शंभरातल्या दोन-तीन जणांच्या बाबतीत जुनाट होतो. म्हणजे ही एक सरकती अवस्था आहे. तिला खाली सरकवणारी कारणे कोणती आणि वर ढकलणारी कोणती, हे कळले तर उपचारांचा अर्थ लागतो.

वर ढकलणाऱ्या कारणांत लठ्ठपणा, नैराश्य, घोरणे आणि झोपेचे विकार, डोक्याला झालेली इजा, कमी उत्पन्न अशी बरीच नावे आहेत. पण ज्यावर रुग्णाचा आणि गल्लीतल्या डॉक्टरचा थेट ताबा चालतो असे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखे एकेरी औषध महिन्याला पंधरा दिवस, आणि दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी, अर्गोटामाइन, ट्रिप्टान किंवा अफूवर्गीय औषध महिन्याला दहा दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर औषधच डोकेदुखी वाढवू लागते. आपल्याकडे मेडिकलमध्ये हातोहात मिळणाऱ्या डोकेदुखीच्या गोळ्या बऱ्याचदा याच दुसऱ्या, दहा दिवसांच्या गटातल्या असतात. सॅरिडॉनमध्ये प्रोपिफेनाझोन, पॅरासिटामॉल आणि कॅफिन एकत्र आहेत. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली तेव्हा सॅरिडॉनचे नाव त्या वादात आले आणि २०१९ मध्ये ते बंदीतून सुटले. अर्धशिशीवर सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या आणखी एका गोळीत अर्गोटामाइन, कॅफिन आणि पॅरासिटामॉल असते. बंदी असो वा नसो, मर्यादा दहा दिवसांचीच. सावकाराच्या उचलीसारखा हा व्यवहार आहे: आजची नड भागते, पण व्याज पुढच्या महिन्याच्या दिवसांतून कापले जाते. कर्नाटकाच्या त्याच पाहणीत औषधांच्या अतिवापराची संभाव्य डोकेदुखी १.२ टक्के लोकांत आढळली. म्हणजे पंधरा दिवसांच्या रेषेवर असलेल्यांपैकी पाचांतले दोघे या जाळ्यात होते.

यावर पहिला आक्षेप कामगाराच्या बाजूने येतो आणि तो रास्त आहे. सकाळी सहाच्या बसला उभे राहायचे आहे, कंत्राटी नोकरी आहे, गैरहजेरी लागली तर दिवसाचा पगार जातो. अशा माणसाला ‘गोळी घेऊ नका’ सांगणे ही दवाखान्यात बसून केलेली चैन आहे. कायद्याची चौकटही त्याच्या फार उपयोगी पडत नाही. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे येतात, आणि प्रमाणित आजारपणात त्यांना वेतनाच्या सुमारे ७० टक्के भरपाई वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यातून वगळलेले असतात. आधीच्या भरपाई मिळालेल्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजार आला तरच सूट. मायग्रेनचा झटका उपचाराविना चार ते बहात्तर तास टिकतो. म्हणजे महिन्यात आठ वेळा एकेक दिवस आडवे पाडणारा आजार या योजनेच्या फटीतून नेमका निसटतो. सलग पंधरा दिवसांच्या टायफॉइडसाठी आखलेले हे माप आहे. तेव्हा गोळी ही त्या माणसाची हौस नाही, ती त्याची रजा आहे. शिवाय झटक्यावर नीट औषध न मिळणे हेही आजार वाढवते. एका मोठ्या अभ्यासात ज्यांचा झटक्यावरचा उपचार अगदीच निष्प्रभ होता त्यांच्यापैकी ६.८ टक्के वर्षभरात जुनाट अवस्थेत गेले, आणि ज्यांचा उपचार उत्तम होता त्यांच्यापैकी १.९ टक्के. तेव्हा सोसत राहा, असा सल्ला शास्त्रीय नाही. शास्त्रीय सल्ला असा की झटका सुरू होताच पुऱ्या मात्रेत योग्य औषध घ्यावे, आणि असे दिवस आठवड्यात दोनपेक्षा जास्त होऊ लागले की गोळीची संख्या वाढवण्याऐवजी उपचाराची पद्धत बदलावी. कोणते औषध कुणाला चालते, हे रक्तदाब, दमा, पोटाचा व्रण, गर्भारपण पाहून डॉक्टरच ठरवू शकतो.

पद्धत बदलल्याने खरेच फरक पडतो का? इथे पुरावा बराच भक्कम आहे, आणि त्यातला सर्वांत बोलका पुरावा कुठल्याही महागड्या औषधाचा नाही. नॉर्वेत औषधांच्या अतिवापराने त्रस्त असलेल्या ६० रुग्णांवर एक चाचणी झाली, आणि तीही विशेषज्ञांकडे नव्हे, घरच्या डॉक्टरांकडे. एका गटाच्या डॉक्टरांनी काही मिनिटांचा संवाद केला: तुमच्या गोळ्याच डोकेदुखी वाढवत असाव्यात, त्या इतक्यावर आणा, सुरुवातीचे दिवस जड जातील. दुसऱ्या गटात नेहमीचाच उपचार चालू राहिला. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले डोकेदुखीचे दिवस दुसऱ्याच्या तुलनेत महिन्याला ७.३ ने आणि गोळ्यांचे दिवस ७.९ ने कमी झालेले दिसले. पहिल्या गटातल्या निम्म्यांची जुनाट डोकेदुखी हटली, दुसऱ्यातल्या ६ टक्क्यांची. डेन्मार्कमध्ये १२० रुग्णांची तीन गटांत विभागणी झाली. गोळ्या बंद आणि लगेच प्रतिबंधक औषध, गोळ्या बंद न करता प्रतिबंधक औषध, गोळ्या बंद आणि प्रतिबंधक औषध नंतर: सहा महिन्यांत डोकेदुखीचे दिवस अनुक्रमे १२.३, ९.९ आणि ८.५ ने घटले. दिवसांतला हा आपसातला फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान आहे, पण तिन्ही वाटा खालीच जातात हे स्पष्ट आहे. मग अमेरिकेत ७२० रुग्णांवर चाचणी झाली: अतिवापराची गोळी बदलून मर्यादा घातली तरी आणि तीच चालू ठेवली तरी, प्रतिबंधक उपचार नीट दिला तर शेवटी मध्यम ते तीव्र डोकेदुखीचे दिवस दोन्हीकडे नऊच्या आसपास आले. काहींनी यावरून गोळ्या कमी करण्याची गरजच नाही असा अर्थ काढला. तो घाईचा आहे. त्या चाचणीत दोन्ही गटांना विशेषज्ञांच्या देखरेखीखाली प्रतिबंधक औषध मिळत होते. ज्याच्या हाती फक्त मेडिकलची स्ट्रिप आहे आणि प्रतिबंधक काहीच नाही, त्याला हा निष्कर्ष लागू होत नाही. उलट या तिन्ही चाचण्यांतून एकच धागा दिसतो: कुणीतरी दिवस मोजले, गोळ्या मोजल्या, रुग्णाला कारण समजावले आणि ठरल्या तारखेला पुन्हा बोलावले.

प्रतिबंधक औषधे बहुतेक जुनीच आहेत, आणि त्यांतली बरीच स्वस्त. हृदयविकारासाठी आलेले प्रोप्रॅनोलॉल मायग्रेनला आळा घालते हे १९६० च्या दशकात ओघात लक्षात आले. ते भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. नैराश्यावरचे अमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत चालते, आणि ते झोपेलाही मदत करते. आपल्याकडे फ्लुनारिझिनही बरेच दिले जाते. अपस्मारावरच्या टोपिरामेटची जुनाट मायग्रेनवर नीट चाचणी झाली. २००७ च्या एका अमेरिकी चाचणीत मायग्रेनचे दिवस महिन्याला ६.४ ने कमी झाले, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ४.७ ने. या औषधांना मर्यादा आहेत: दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत, आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना टोपिरामेट व व्हॅल्प्रोएट गर्भाच्या धोक्यामुळे जपून, शक्यतो टाळून, दिले जातात. पण परिणाम बिघडण्याचे मुख्य कारण औषधाची ताकद नव्हे, ते सोडून देणे. अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदींत ८,६८८ रुग्ण तपासले, तेव्हा तोंडाने घ्यायचे प्रतिबंधक औषध सहा महिन्यांनी २६ ते २९ टक्के लोक नियमित घेत होते आणि वर्षाने १७ ते २० टक्के. का सोडतात? दुखत नसतानाही रोज गोळी घ्यायची, हे कुणालाच पटकन पटत नाही. सवय लागेल अशी भीती असते. पेंग येते, जीभ कोरडी पडते, शब्द आठवत नाहीत. आणि पहिल्या पंधरवड्यात काहीच फरक दिसत नाही. शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे. या औषधांना पुऱ्या मात्रेत निदान आठ आठवडे द्यावे लागतात. ज्याने सुरुवातीचे दिवस लिहून ठेवलेले नाहीत त्याला वीसाचे सोळा झालेले कळत नाहीत, कारण सोळा दिवस डोके दुखणाऱ्या माणसाला आपले डोके ‘रोजच दुखते’ असेच वाटते. सोळा हा आकडा कागदावर असेल तरच औषध चालू ठेवायला कारण मिळते. म्हणून दिवसांची नोंद हा उपचारांचा हिशोब तर आहेच, तो उपचारांचा भागही आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. बिनऔषधी गोळीनेही दिवस कमी होतात, मग औषधाचे श्रेय किती? बोट्युलिनम टॉक्सिनच्या म्हणजे बोटॉक्सच्या दोन मोठ्या चाचण्या घ्या. त्यांच्या आधारावर २०१० मध्ये अमेरिकेत त्याला जुनाट मायग्रेनसाठी मान्यता मिळाली. कपाळ, कानशील, मान आणि खांदे यांवरच्या ३१ ठिकाणी १५५ युनिट, दर बारा आठवड्यांनी. १,३८४ रुग्णांत, महिन्याला सरासरी वीस दुखऱ्या दिवसांवरून, औषध घेणाऱ्यांचे ८.४ दिवस कमी झाले आणि मिठाच्या पाण्याची सुई घेणाऱ्यांचे ६.६. फरक दोन दिवसांचाही नाही. आठ ते सतरा वर्षांच्या मुलांवरच्या २०१७ च्या अमेरिकी चाचणीत तर टोपिरामेटने ५५ टक्के, अमिट्रिप्टिलिनने ५२ टक्के आणि बिनऔषधी गोळीने ६१ टक्के मुलांची डोकेदुखी निम्म्यावर आली, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. हे आकडे लपवण्यासारखे नाहीत, पण त्यांचा अर्थ ‘सगळे मनाचे खेळ’ असा होत नाही. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर ते थोडे उतरणारच, कारण ही अवस्था मुळातच सरकती आहे. चाचणीत प्रत्येकाला नोंदवही मिळते, नर्सचा फोन येतो, झोपेचा आणि जेवणाचा सल्ला मिळतो. मिठाच्या पाण्याच्या सुईमागे हे सगळे उभे असते. आणि सरासरीत व्यक्ती हरवते: बोटॉक्सच्या त्याच चाचण्यांत दिवस निम्म्यावर येणारे ४७ टक्के होते आणि मिठाच्या पाण्यावर ३५ टक्के. शंभरातले बारा जण केवळ औषधामुळे त्या रेषेपलीकडे गेले. यातून दोन निष्कर्ष एकदम निघतात. औषधाचा स्वतःचा वाटा आहे पण तो माफक आहे, म्हणून त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. आणि देखरेखीचा वाटा मोठा आहे, म्हणून तो फुकट मिळणारा भाग टाकून फक्त गोळी लिहून देणे ही उधळपट्टी आहे.

नव्या औषधांनी हे चित्र पालटले का? काही अंशी. मायग्रेनच्या झटक्यात सीजीआरपी नावाचे प्रथिन मेंदूच्या आवरणांतल्या नसांमधून सुटते, या शोधासाठी लार्स एडव्हिन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना २०२१ चे ब्रेन पारितोषिक मिळाले. या प्रथिनाला किंवा त्याच्या ग्राहीला अडवणारी प्रतिपिंडे २०१८ पासून बाजारात आली. पहिले होते एरेनुमॅब. जुनाट मायग्रेनच्या ६६७ रुग्णांत त्याने महिन्याचे मायग्रेनचे दिवस ६.६ ने कमी केले, बिनऔषधी सुईने ४.२ ने. ताकद जुन्या औषधांपेक्षा फार वेगळी दिसत नाही. वेगळेपण टिकण्यात आहे. जर्मनीतल्या ७७७ रुग्णांच्या चाचणीत, ज्यात कमी दिवसांचे रुग्णही होते, एरेनुमॅब आणि टोपिरामेट समोरासमोर उभे केले. दुष्परिणामांमुळे टोपिरामेट सोडणारे ३८.९ टक्के निघाले आणि एरेनुमॅब सोडणारे १०.६ टक्के. म्हणजे नवे औषध जिंकते ते मुख्यतः माणसे ते सोडत नाहीत म्हणून. हे औषध भारतात मिळते, पण दर महिन्याची सुई कायम कामगारालाही झेपणारी नाही. इथे एक आक्षेप उभा राहतो: मग गरिबांनी जुन्यावर भागवायचे का? न्यायाच्या दृष्टीने नाही. महागड्या उपचारांची गरज असलेले रुग्ण आहेतच, आणि विमा योजनांनी त्यांची सोय करायला हवी. पण आजच्या घडीला ज्याने एकही स्वस्त प्रतिबंधक औषध आठ आठवडे पुऱ्या मात्रेत घेतलेले नाही, त्याचा उपचार नव्या सुईअभावी अडलेला नाही.

निमित्तांबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण घरोघरी उपचार म्हणून बहुधा तेवढेच होते. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये १,५०० मायग्रेन रुग्णांपैकी ९४ जणांत न्हाण्यानंतर, केस धुतल्यानंतर झटका येतो हे नोंदवले. पाश्चात्त्य पुस्तकांत न सापडणारे पण आपल्या बायकांना ओळखीचे निमित्त. उपवासाचेही तसेच. एकादशी-चतुर्थीला दिवसभर पोट रिकामे आणि वरून चहा, हा मायग्रेनला उघड निमंत्रणाचा मेळ आहे. निमित्त ओळखून ते टाळणे किंवा त्या दिवसाची आधी तयारी करणे फायद्याचे असते. मात्र जुनाट अवस्थेत झटक्याचा उंबरठा इतका खाली आलेला असतो की कुठलेही निमित्त पुरते. तेव्हा ऊन, वास, तेलकट, शिळे असे एकेक टाळत गेलेला माणूस शेवटी सण-समारंभही टाळू लागतो आणि दिवस काही कमी होत नाहीत. टाळण्यापेक्षा नियमितपणा कामी येतो: पाळी कोणतीही असली तरी झोप पुरी, जेवण चुकवायचे नाही, चहाचे कप ठरलेले.

राहिला तो मोजणीवरचाच आक्षेप. डोकेदुखी दिसत नाही, रक्तात सापडत नाही. कामगार सांगेल तो आकडा खरा मानायचा का? मधुमेहात साखर मोजता येते, इथे सांगणाऱ्याच्या शब्दावर सारे अवलंबून. पण शब्दाला साक्षी आहेत. रिकाम्या स्ट्रिप मोजता येतात, गैरहजेरीच्या नोंदी असतात, आणि रोज रात्री केलेली एका खुणेची नोंद महिन्याअखेर आठवून सांगितलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी विश्वासाची असते. जगभरच्या औषधचाचण्या याच नोंदवहीवर उभ्या आहेत. नियामक संस्था तिच्यावर कोट्यवधींचे निर्णय घेतात, तर पाळीच्या डॉक्टरला तिच्यावर दोन महिन्यांची गोळी द्यायला हरकत नसावी. भीती उलट बाजूची जास्त खरी आहे: ही नोंद व्यवस्थापनाच्या हाती गेली तर कंत्राट नूतनीकरणाच्या वेळी ती कामगाराच्याच विरोधात वापरली जाईल. म्हणून वही कामगाराची आणि त्याच्या डॉक्टरची असावी, खात्याची नव्हे. आणि नॉर्वेचा रुग्ण म्हणजे देहूरोडचा कामगार नव्हे, हेही मान्य करावे लागेल. रात्रपाळी आणि भाड्याच्या खोलीतली अपुरी झोप कुठल्याही संवादाने जाणार नाही. इथे मिळणारा फायदा तिथल्यापेक्षा कमी असेल असे धरून चालणे शहाणपणाचे. पण तिथल्या उपायाला लागले काय? घरचा डॉक्टर, काही मिनिटे आणि एक वही. यातली कुठलीच गोष्ट विम्याच्या दवाखान्यात, छावणीच्या रुग्णालयात, कारखान्याच्या आरोग्य केंद्रात किंवा बाजारपेठेतल्या जनरल प्रॅक्टिशनरकडे अशक्य नाही. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी मग त्यांनाच पाठवावे, ज्यांचे दिवस दोन औषधांनंतरही हलत नाहीत.

आता ‘चांगला परिणाम’ म्हणजे काय, ते आकड्यात सांगता येते. जुनाट मायग्रेनमध्ये दुखरे दिवस ३० टक्क्यांनी कमी होणे हे तज्ज्ञांनी अर्थपूर्ण यश मानलेले आहे, निम्म्यावर येणे हे उत्तम यश. महिन्याला वीस दिवस दुखणाऱ्याचे बारा झाले तर तो अजूनही रुग्णच आहे, महिन्यातून बारा दिवस त्याचे डोके दुखतेच. पण वर्षाकाठी त्याचे शहाण्णव दिवस मोकळे झाले, तो जुनाट अवस्थेच्या रेषेखाली आला, आणि गोळ्यांच्या मर्यादेत राहणे त्याला शक्य झाले. ‘बरा झाला का’ या प्रश्नाला याचे उत्तर ‘नाही’ असेच येईल, आणि तेवढ्यावर घरचे लोक उपचार वाया गेला म्हणतील, डॉक्टर औषध बदलतील, तो स्वतः गोळी सोडेल आणि वसुली पुन्हा मेडिकलच्या काउंटरवर सुरू होईल. प्रश्न बदलला तर तेच उपचार चालू राहण्याची शक्यता वाढते, आणि जुन्या स्वस्त औषधांना लागणारा वेळ त्यांना मिळतो. वहीत तीन रकाने पुरतात: डोके दुखले का, गोळी घेतली का, काम बुडाले का. तीन महिन्यांनी बेरीज करायची आणि मागच्या तीन महिन्यांच्या बेरजेशेजारी ठेवायची. पहिला आकडा खाली येत असेल तर उपचार चालू. पहिला तसाच आणि दुसरा दहाच्या पुढे असेल तर आधी गोळ्यांकडे पाहायचे. दोन्ही जागच्या जागी असतील तर औषध किंवा डॉक्टर बदलायची वेळ आली. एवढा निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती कुठल्याही स्कॅनमध्ये मिळत नाही. ती रुग्णाकडेच असते, फक्त लिहिलेली नसते.